इस्त्री केलेला झेंडा

"तुम्ही कधी मॅच विकलीत का?"

हा प्रश्न मी विचारला. मंगळवारी संध्याकाळी, चेंजिंग रूमच्या दारात, एका पायात बूट आणि दुसऱ्यात नुसता मोजा अशा अवस्थेत. आत बाकांवर टीममधल्या बाकीच्या जणी श्वास रोखून बसल्या होत्या, कारण पैज त्यांनीच लावली होती. मी विचारलं तर सीझन संपेपर्यंत चेंजिंग रूममध्ये गाणी माझ्या पसंतीची, आणि नाही विचारलं तर सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या मी भरायच्या. दोन वर्षांपूर्वी मी मुकाट्याने बाटल्या भरल्या असत्या. तेव्हा मी डब्यातली पोळी-भाजी भिंतीकडे तोंड करून खाणारी मुलगी होते. आता पंधरा वर्षांची आहे, नेदरलँड्समधल्या या टिलबर्गच्या मुलींसारखंच मऊ घशाचं डच बोलते, आणि मला कोणाची भीती वाटत नाही.

गेनादी कोर्झुन, आमचा ट्रेनर, दाराबाहेर सूर्यफुलाच्या बिया दातांनी सोलत उभा होता. मराठीत त्याला 'ते' म्हणायला हवं, सदुसष्ट वर्षांचा आहे. आई म्हणतेही तसं. मला नाही जमत.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मोज्याकडे पाहिलं.

"एकदा," तो म्हणाला. "बूट घाल."

आत इम्केने तोंडावर टॉवेल दाबून धरला. इम्के माझी सगळ्यात जवळची मैत्रीण, आणि पैजेची कल्पना तिचीच. मी पैज जिंकले खरी, पण काही मजाच आली नाही. असं उत्तर कोणी देतं का? माणसाने चिडावं, कोण म्हणतं असं विचारावं, निदान एखादं टर्फल तरी घशात अडकावं.

म्हणत होता इम्केच्या वडिलांच्या गोदामातला एक माणूस. आमच्या टिलबर्गच्या कडेने गोदामंच गोदामं आहेत. अर्ध्या युरोपचे बूट आणि टीव्ही आधी इथे येऊन झोपतात, मग आपापल्या घरी जातात. तिथे पूर्वेकडच्या देशांतून आलेले खूप लोक फोर्कलिफ्ट चालवतात. त्यातल्या एका म्हाताऱ्याने कोर्झुन हे नाव ऐकलं आणि म्हणाला, तो ट्रॅक्टर कारखान्याच्या टीममधला? त्याने तर मॅच विकली होती. इम्केने हे घरी रविवारी ऐकलं, सोमवारी शाळेत सांगितलं, मंगळवारी पैज लागली.

आता त्याची कारकीर्द सांगते, म्हणजे तो ज्याला कारकीर्द म्हणतो ती. सोव्हिएत युनियन नावाचा देश होता तेव्हा (आमच्या इतिहासाच्या पुस्तकात त्याला दीड पान आहे) गेनादी तिथे बारा वर्षं डिफेंडर होता. आधी आठ वर्षं कारखान्याच्या टीमकडून, मग वरच्या लीगमधल्या एका टीमकडून. मग त्याचा गुडघा गेला, आणि पाठोपाठ देश गेला. मग तो कोच झाला. आधी तिकडेच, मग पोलंडमध्ये, मग बेल्जियममध्ये कुठल्याशा तिसऱ्या दर्जाच्या टीमला, मग इथे पाचव्या दर्जाच्या, मग मुलांच्या, आणि आता आमच्या. सतरा वर्षांखालच्या मुली, मंगळवार-गुरुवार, कालव्याजवळचं चार नंबरचं मैदान, जिथल्या प्लास्टिकच्या गवतातले काळे दाणे मोज्यांतून थेट आमच्या वॉशिंग मशीनमध्ये जातात. माणूस जिन्यावरून घरंगळावा आणि प्रत्येक पायरीवर त्याने म्हणावं की मी इथेच यायला निघालो होतो, तशी ही कारकीर्द. मधली अकरा वर्षं त्यानेही गोदामात फोर्कलिफ्टच चालवली, पण ती तो मोजत नाही.

इतकं झाल्यावर कोणीही जरा नमून वागेल. हा नाही. आमच्या गुलाबी बुटांकडे तो असा बघतो, जसं आई पोळीवर पडलेल्या बुरशीकडे बघते. हेअरबँड त्याला चालत नाही. सफरचंदाच्या फोडी घेऊन येणारे पालक चालत नाहीत. डच लोक हरल्यावरही टाळ्या वाजवतात, ते तर अजिबातच नाही. "हॉलंडमध्ये सगळं छान," तो म्हणतो, एकेक शब्द खिळ्यासारखा ठोकत. "जिंकले, छान. हरले, छान. पाय मोडला, छान प्रयत्न."

आणि सगळ्यात तुच्छता फॉरवर्ड लोकांची. फॉरवर्ड म्हणजे पाहुणा, येतो, खातो, फोटो काढतो, जातो. घरात राहतो तो डिफेंडर. हे तो दर आठवड्याला सांगतो आणि दर वेळी मीच सुचवल्यासारखा माझ्याकडे बघतो, कारण मी फॉरवर्ड होते. नाताळपर्यंत माझे सात गोल झाले होते. जानेवारीत त्याने मला उचलून सगळ्यात मागे नेऊन ठेवलं. मी कारण विचारलं. म्हणाला, तू मोठ्याने बोलतेस, मागे मोठ्याने बोलणारी लागते. घरी सांगितल्यावर आई इतकी हसली की तिला खुर्चीवर बसावं लागलं.

मागे उभं राहून आम्हाला त्याची लाडकी युक्ती करावी लागते. ही मी आईला जशी समजावली तशीच सांगते. समोरची टीम पुढे पास देते त्या क्षणी त्यांची फॉरवर्ड आमच्या शेवटच्या डिफेंडरच्याही पलीकडे, आमच्या गोलच्या बाजूला असेल, तर तो ऑफसाइड. मग आम्ही चौघी डिफेंडर काय करतो, तर मी "आत्ता" म्हणून ओरडले की पास सुटायच्या आत एकदम तीन पावलं पुढे पळतो. त्यांची फॉरवर्ड आपोआप मागे उघडी पडते. आम्ही हात वर करतो, लाइनवरचा माणूस झेंडा वर करतो, संपलं. पण चौघींपैकी एक जरी मागे रेंगाळली, तरी कोणीही ऑफसाइड होत नाही आणि समोरची मुलगी एकटी गोलपाशी पोचते.

म्हणजे सगळं लाइनवरच्या माणसावर आलं. आणि तो माणूस होता माझा बाबा.

इथल्या छोट्या क्लबांमध्ये लाइनवर खरे पंच नसतात. शिट्टीवाला रेफ्री एक, आणि झेंडा धरायला दोन्ही टीमचा एकेक पालक. आपला पालक आपल्या अर्ध्या मैदानाच्या कडेने पळतो आणि आपल्या गोलवर चालून येणाऱ्या मुलींचा ऑफसाइड बघतो. आता हे काम कसं करायचं असतं हे सगळ्या नेदरलँड्सला माहीत आहे. समोरच्या मुलीने नुसता श्वास घेतला तरी झेंडा वर. त्यांचाही तेच करतो, आपलाही तेच करतो, फिट्टंफाट. दर शनिवारी देशभर हजारो सज्जन बाप हे करतात आणि नंतर एकत्र कॉफी पितात.

माझ्या बाबाला हे कोणी सांगितलं नाही. तो संजीव देवधर, पुण्याचा, डेटाबेसवाला, अटी-नियम शेवटपर्यंत वाचून मगच 'मान्य' दाबणारा. सप्टेंबरमध्ये ग्रुपवर मेसेज आला की झेंड्याला कोण, आणि बाकी सगळे फोन उलटा ठेवून गप्प बसलेले असताना याने हात वर केला. मग नियमपुस्तक छापून आणलं. छापून, पंच करून, फाइलला लावून. तीनदा वाचलं. जेवताना मला विचारायचा की चेंडू खांबाला लागून आला तर काय. त्याला वाटलं लाइनवरचा माणूस रेफ्रीचा असतो.

बरं, झेंडा क्लबचा, चिखलाने माखलेला. बाबा तो घरी घेऊन आला, वॉशिंग मशीनमध्ये आईच्या नाजूक कपड्यांच्या सायकलला लावून धुतला, आणि वर रुमाल ठेवून मंद इस्त्री केली. दर रविवारी. जगात दुसऱ्या कुठल्या घरात लाइनवाल्याच्या झेंड्याला इस्त्री होते, मला सांगा. शनिवारी बाबा तो कडक केशरी चौकोन घेऊन मैदानावर यायचा, आणि मी दुसरीकडे बघायचे. सगळ्यांचे बाप वाकड्या झेंड्याने सरळ आपल्या टीमचं भलं करत होते, आणि माझा सरळ झेंड्याने आमचं वाटोळं करत होता. दोन मॅच आम्ही त्याच्यामुळे हरलो. तसं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे, आणि सगळ्यांच्या आधी, म्हणजे दुसऱ्या कोणाला म्हणावं लागू नये.

मग दहा दिवसांपूर्वीची मॅच. समोर निळ्या जर्सीवाल्या, आमच्यानंतर दुसऱ्या नंबरवर. ही जिंकलो असतो तर आम्ही तेव्हाच वरच्या गटात गेलो असतो. शेवटची पाच मिनिटं, दोन-दोन. त्यांच्या मुलीकडे मध्यावर चेंडू आला, मी "आत्ता" ओरडले, हात वर गेले. सगळ्यात आधी माझा. झेंडा खालीच. त्यांची ती लांब वेणीवाली पळत गेली आणि तिने आरामात गोल केला. आम्ही हात वर करून पुतळ्यांसारख्या उभ्या होतो. दोन-तीन. इम्के माझ्याकडे बघून काही म्हणाली नाही, बाबाकडे बघून जे म्हणाली ते मी मराठीत लिहू शकत नाही.

नंतर कॅन्टीनमध्ये जे झालं ते वाईट होतं. त्या दिवशी कॅन्टीनची पाळी आईची होती. इथे प्रत्येक पालकाला ती करावी लागते, सुटका नाही. आई अंडंसुद्धा खात नाही, आणि तिथे उभी राहून फ्रिकांडेल नावाची मांसाची लांब नळी चिमट्याने, हात शक्य तितका लांब धरून, तेलात सोडत होती. योलांडा आली. योलांडा म्हणजे इम्केची आई आणि टीमची मॅनेजर, वेळापत्रक वगैरे सगळं तीच बघते. तिने बाबाच्या खांद्यावर हात ठेवला. डच लोकांनी खांद्यावर हात ठेवला की समजावं आता खरं ऐकावं लागणार.

"संजीव, तू फार चांगला माणूस आहेस," ती म्हणाली. "पण झेंडा हे चांगल्या माणसाचं काम नाही. शेवटच्या मॅचला रॉब धरेल."

रॉब तिचा नवरा. त्याचा हात आपोआप वर जातो, पाठ खाजवायला निघाला तरी.

बाबाने वाद घातला नाही. त्याला फक्त समजावून सांगायचं होतं, त्याला नेहमीच फक्त समजावून सांगायचं असतं. त्याने टेबलावर साखरेच्या चार पुड्या ओळीत मांडल्या, या आपल्या डिफेंडर. कॉफीचा चमचा ठेवला, ही त्यांची फॉरवर्ड. मग एक पुडी बोटभर मागे ओढली, चमच्याच्याही मागे, आणि म्हणाला की पास सुटला तेव्हा हे असं होतं. योलांडा वाकून बघायला लागली. म्हणाली, ही कोण, ही मागे राहिलेली?

मी शेजारीच उभी होते, हातात मेयोनेज घातलेले तळलेले बटाटे. बाबाने त्या पुडीकडे पाहिलं. मग एका बोटाने ती हळूच पुढे सरकवून बाकीच्या तिघींच्या ओळीत नेली.

"माझीच नजर चुकली असेल," तो म्हणाला.

आईने काउंटरवरून योलांडाला कॉफी दिली. बिस्किटाशिवाय. इथे कॉफीबरोबर बिस्किट न देणं म्हणजे काय हे इथे राहणाऱ्यालाच कळेल.

आणि मला बाबाची इतकी चीड आली. जो माणूस दर शनिवारी संपूर्ण टीमचा राग ओढवून घेऊन झेंडा खाली ठेवतो, तो एका योलांडासमोर इतका गुळगुळीत होतो? बरोबर होतास तर बरोबर म्हण ना. मी बटाटे तसेच कचऱ्यात टाकले आणि घरापर्यंत त्याच्याशी बोलले नाही. ती पुडी कोण होती हे मला माहीत होतं. पण ते मी बटाट्यांबरोबरच टाकून दिलं होतं.

तर मंगळवार. सराव संपला, सगळ्या पळाल्या, आणि गेनादी म्हणाला की प्रश्न विचारणारीने शंकू गोळा करायचे. हा त्याचा नियम होता की तिथल्या तिथे काढला होता, माहीत नाही. मी शंकू एकात एक घालत होते, तो बाकावर बसून टर्फलं थुंकत होता. उजेड अजून भरपूर होता, मे महिन्यात इथे संध्याकाळ संपतच नाही.

मी न विचारताच त्याने सांगायला सुरुवात केली. त्र्याऐंशी सालची गोष्ट. कारखान्याचा डायरेक्टर आणि पक्षाचा एक माणूस सोमवारी त्याच्या घरी आले. बुधवारी येणाऱ्या टीमला एक विजय हवा होता, नाहीतर ती खालच्या गटात जात होती, आणि त्या टीममध्ये कोणाचा तरी मेहुणा होता. गेनादीने फक्त एक गोल होऊ द्यायचा. बदल्यात पुढच्या वर्षी वरच्या लीगमध्ये जागा. मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत, मुद्दाम पडलात? त्याने माझ्याकडे अशा कीव आल्यासारख्या नजरेने पाहिलं की मी शंकू मोजायला लागले. पडणं हे फॉरवर्डचं काम. डिफेंडर फक्त अर्धं पाऊल मागे राहतो. बाकीचे तिघे पुढे पळाले, हा अर्धं पाऊल मागे राहिला, आणि हात वर केला.

"हात महत्त्वाचा," तो म्हणाला. "पाय कोणी बघत नाही. हात नऊ हजार लोकांनी पाहिला."

लाइनवरचा माणूस दुसऱ्या गावचा होता, शाळेत भूगोल शिकवायचा. झेंडा शाळेच्या बॅगेत घालून बसने आला होता. त्याने पाय पाहिला आणि झेंडा खाली ठेवला. बरोबर ठेवला. गोल झाला, कारखान्याची टीम आपल्याच मैदानावर हरली, आणि लोक बस स्टँडवर त्या भूगोलवाल्याची वाट बघत उभे राहिले. चष्मा फोडला. पुढच्या महिन्यात त्याला वरून पत्र आलं की तुमची नजर या कामाला योग्य नाही, आणि त्याला परत कधी मॅच मिळाली नाही. गेनादीला वरची लीग मिळाली. तिथे तो चार वर्षं खेळला. चांगला खेळला, हे त्याने दोनदा सांगितलं.

हे सगळं तो बसचं वेळापत्रक वाचून दाखवावं तसं बोलत होता. मी विचारलं, नंतर कधी त्याला भेटलात, पत्र तरी लिहिलंत?

"काय लिहू?" तो म्हणाला. "छान प्रयत्न?"

शी. मला त्या माणसाची खरंच किळस आली. बियांची, त्याच्या त्या निळ्या ट्रॅकसूटची, गुडघा चोळण्याची. मी म्हणाले की चाळीस वर्षं तुम्ही गप्प बसलात, तुम्ही भित्रे आहात. असं मी आयुष्यात कुठल्याच मोठ्या माणसाला म्हणाले नव्हते, आणि ऐकायला मला छान वाटलं. अगदी दोन सेकंद.

"हो," तो म्हणाला. "आणि तुझा डावा पाय. शेवटून पाचवं मिनिट. तू कमरेवर हात ठेवून उभी होतीस. तोंड वाकडं, मला पुढे का नाही खेळवत. तिघी पळाल्या. तू ओरडलीस, पळाली नाहीस. मग हात वर केलास." त्याने आणखी एक बी फोडली. "मी ठरवून केलं. तू आळसाने केलंस. हात दोघांचा सारखाच."

माझ्या हातात पंधरा शंकू होते. मी ते परत मोजले.

मग मला एक गोष्ट सुचली आणि मी ती त्याच्या तोंडावर फेकली. म्हणाले, तुम्ही पाहिलं होतं तर कॅन्टीनमध्ये बोलला का नाहीत? तुम्ही तिथेच होतात, कोपऱ्यात, सूप पीत होतात.

"मला शनिवार जिंकायचा आहे," तो म्हणाला. "रॉब चांगला झेंडा आहे. तुझा बाप लाइनवर असला की चौघींना खरंच पळावं लागतं. तुम्ही पळत नाही."

"म्हणजे तुम्ही अजून विकताय."

मला वाटलं आता चिडेल, निदान एकदा तरी. त्याने टर्फलांची पुरचुंडी केली, खिशात ठेवली.

"सदुसष्टाव्या वर्षी सवय जात नाही," तो म्हणाला. "तुझं वय काय?"

"पंधरा."

"मग बघ काय ते. शंकू सोळा पाहिजेत. एक तिकडे कुंपणापाशी आहे."

तो लंगडत गेला. मागे वळून वगैरे काही पाहिलं नाही. असली माणसं शेवटी काहीतरी शहाणं बोलून जातील अशी आपली उगाच अपेक्षा असते. तो सायकलच्या कुलुपाशी झटापट करत शिव्या देत होता.

मी कालव्याच्या कडेने घरी आले. सायकल चालवताना मला सारखा माझा हात दिसत होता, वर केलेला, सरळ, पाच बोटं ताठ. किती आत्मविश्वासाने केला होता मी तो. दोन वर्षांपूर्वीची, भिंतीकडे तोंड करून खाणारी मी असते, तर मला हात वर करायचा धीरच झाला नसता. गेनादीचा मला राग आला होता, बाबाची लाज वाटली होती, योलांडा मला ढोंगी वाटली होती, आणि या सगळ्यांना नावं ठेवत मी सगळ्यात पुढे उभी होते. म्हणजे त्या मॅचमध्ये उभी होते त्यापेक्षा बरीच पुढे.

घरी आई थालीपिठं लावत होती. आधी ती इथे फक्त बाबाची बायको म्हणून आली होती, आता दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर आहे आणि अख्ख्या टिलबर्गच्या दाढा तिला ठाऊक आहेत. बाबा लॅपटॉप उघडून बसला होता. लॅपटॉप उंच करायला त्याखाली काहीतरी ठेवलं होतं. मी वाकून बघितलं, नियमपुस्तकाची फाइल. खुर्चीच्या पाठीला आल्बर्ट हाइन सुपरमार्केटची कागदी पिशवी अडकवलेली होती, आणि तिच्यातून झेंड्याची काठी वर आली होती.

"अशू, गुरुवारी ही पिशवी योलांडाला दे," बाबा म्हणाला. "तिचे ग्रुपवर दोन मेसेज येऊन गेले."

मी पिशवीत हात घातला. झेंडा घडी करून ठेवला होता, चार घड्या, कडा कडेला लावून. शेवटचीही इस्त्री केली होती त्याने, परत द्यायच्या आधी.

"बाबा, तू ती पुडी सरळ का केलीस?"

"कुठली पुडी?"

"साखरेची," स्वयंपाकघरातून आई म्हणाली. "मी पण पाहिली. उगाच भोळा होऊ नकोस."

बाबाने चष्मा काढला. लाइनवर पळून पळून या वर्षी त्याचं पोट जरा कमी झालं होतं, हे मला तेव्हाच दिसलं. तो म्हणाला की मला वाटलं तुझ्या लक्षात आलं नसेल. मी म्हणाले की मीच होते ती पुडी, माझ्या कसं लक्षात येणार नाही.

"मैदानावर मी रेफ्रीचा माणूस," तो सावकाश म्हणाला. "कॅन्टीनमध्ये नव्हतो. तिथे तुझा बाप होतो."

एरवी असलं सिनेमातलं वाक्य बाबाच्या तोंडून आलं असतं तर मी आठवडाभर त्याची नक्कल केली असती. आईने गॅस बारीक केला आणि दारात येऊन उभी राहिली, हाताला पीठ.

मी पिशवी खुर्चीवरून काढली, झेंडा बाहेर काढला आणि रिकामी पिशवी घडी करून फ्रीजच्या वर ठेवली, जिथे आई सगळ्या पिशव्या ठेवते.

"झेंडा परत जाणार नाही," मी दोघांना सांगितलं. "गुरुवारी चेंजिंग रूममध्ये आणि शनिवारी मॅचच्या आधी कॅन्टीनमध्ये, योलांडासमोर, मी सांगणार आहे की पाय माझा होता आणि बाबा बरोबर होता. इम्के बोलायची बंद झाली तर झाली. बाटल्याही मीच भरेन. आणि पुढच्या वर्षी मी पुढे खेळायला मागणार नाही, मागेच राहणार, नीट पळून. शनिवारी लाइनवर तू उभा राहा, बाबा. मी परत रेंगाळले तर मी कितीही हात वर केला तरी, आम्ही हरत असलो तरी, तू झेंडा खालीच ठेव."